घरातलं एक माणूस तुरुंगात गेलं की मागे राहिलेल्यांचं काय होतं? (अनुभव आणि माहिती हवी आहे)

माळरान

नमस्कार मंडळी. माझा धाकटा दीर सध्या न्यायालयीन कोठडीत आहे. केसबद्दल इथे काही लिहिणार नाही, ते कोर्टात चालू आहे आणि काय खरं काय खोटं ते कोर्ट ठरवेल. मला बोलायचंय ते माझ्या जावेबद्दल आणि तिच्या दोन मुलांबद्दल. त्या तिघांवर कुठलाही गुन्हा नाही, पण शिक्षा त्यांचीच पहिल्या दिवसापासून सुरू झाली आणि ती कधी संपणार हे कोणी सांगत नाही.

दीर टेम्पो चालवायचा, हप्त्यावर घेतलेला. अटक झाली त्या दिवशी कमाई थांबली पण हप्ता थांबला नाही, फायनान्सवाल्यांची माणसं दारात येऊन मोठ्या आवाजात बोलून गेली आणि अख्ख्या गल्लीनं ऐकलं. त्याचा मोबाईल पोलिसांकडे मुद्देमालात जमा आहे. आता घरातलं सगळं त्याच नंबरला जोडलेलं, बँकेचा ओटीपी, गॅसचा, आधारचा, मुलीच्या स्कॉलरशिपचा सुद्धा. म्हणजे खात्यात थोडे पैसे आहेत आणि बायकोला ते काढता येत नाहीत. एटीएमचा पिन त्याला एकट्यालाच माहीत. जाऊबाई कधी एकटी बँकेत गेलेली नाही आणि आता एकदम वकील, कोर्ट, पोलीस स्टेशन, जेल सगळीकडे तिलाच जायचंय. पीसीआर (पोलीस कोठडी) म्हणजे काय, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) म्हणजे काय, चार्जशीट कधी येते, तारीख म्हणजे नुसती तारीखच का असते, हे सगळं ती कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून शिकली.

मुलगी नववीत आहे, तिने क्लास सोडला. गावाच्या एका ग्रुपवर बापाचा फोटो फिरला होता, पोलिसांनी तोंडाला फडकं बांधलेला, तरी शर्टवरून सगळ्यांनी ओळखलं. धाकटा चौथीत आहे, त्याला सांगितलंय पप्पा गुजरातला गाडी घेऊन गेलेत. तो रोज विचारतो मग फोन का करत नाहीत. सासूबाईंनी देवळात जाणं बंद केलंय. हळदीकुंकवाला आम्हाला दोघींनाही या वर्षी बोलावणं आलं नाही, मला सुद्धा, आणि मी तर वेगळ्या घरात राहते.

जामीन मंजूर झालाय पण जामीनदार मिळत नाही म्हणून तो अजून आतच आहे. नातेवाईक फोन उचलत नाहीत. कोणाला या सगळ्यातून गेल्याचा अनुभव असेल, कायद्याची किंवा सरकारी योजनांची माहिती असेल तर प्लीज लिहा. आणि धाकट्याला काय सांगायचं, हे तर नक्कीच लिहा.

---

काळाकोट

ताई, मी जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो. आधी सगळ्यात तातडीचं, म्हणजे जामीन मंजूर होऊनही माणूस आत असणं. हे तुमच्या एकट्याच्या घरात घडत नाहीये, रोज बघतो मी. कोर्ट पंचवीस हजाराचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार म्हणतं, ऑर्डर हातात येते, घरचे पेढे घेऊन येतात आणि मग कळतं की सातबारा किंवा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) असलेला माणूस उभा राहायला तयारच नाही. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारे भेटतील, त्यांच्या नादी अजिबात लागू नका. कागद खोटे निघाले तर जामीन रद्द होतो आणि वर नवीन गुन्हा.

तुमच्या वकिलांना हे करायला सांगा. एक तर रोख जामिनाचा अर्ज, म्हणजे जामीनदार मिळेपर्यंत काही आठवड्यांसाठी कॅश भरून सोडा अशी विनंती, बरेच न्यायाधीश देतात. दुसरं, अट शिथिल करायचा अर्ज. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सांगितलंय की जामिनानंतर ७ दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट बदलायचा विचार करू शकतं. हा आदेश अर्जाला जोडा. आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारला तर मोतीराम वि. मध्य प्रदेश, १९७८ दाखवा. त्यात एक गवंडी होता, त्याला दहा हजाराचा जामीन सांगितला होता आणि परजिल्ह्यातला भाऊ चालणार नाही म्हणाले होते. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी रक्कम हजारावर आणली आणि गरिबाला असल्या अटी घालणं चूक आहे हे स्पष्ट लिहून ठेवलं. पंचेचाळीस वर्षांहून जास्त झाली त्याला आणि आजही मला तोच निकाल दाखवावा लागतो याचं फार वाईट वाटतं.

केंद्राची एक योजना पण आहे २०२३ पासून, गरीब कैद्यांसाठी. जामिनाची रक्कम भरता येत नाही अशा कच्च्या कैद्याला (ज्याचा खटला अजून चालू आहे) आणि दंड न भरल्यामुळे आत राहिलेल्याला मदत मिळते, २०२३ मध्ये ती अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० पर्यंत होती. कलेक्टरांची समिती ठरवते. एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), पीएमएलए (मनी लाँडरिंग) वगैरे केसेस त्यात बसत नाहीत. फार कमी लोकांना माहीत आहे ही योजना, वकिलांना सुद्धा.

वकिलाची फी झेपत नसेल तर लोकअभिरक्षक कार्यालय आहे, कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणात विचारा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) हेल्पलाईन १५१००.

बँकेचं म्हणाल तर जेलमध्ये अर्ज करून, कोर्टाची परवानगी घेऊन मुखत्यारपत्रावर त्याची सही घेता येते. त्यावर बायकोला खातं आणि टेम्पोचे व्यवहार बघता येतील. मोबाईल परत मिळायला वेळ लागेल, पण चार्जशीटनंतर अर्ज करून ठेवा.

---

उंबरझाड

ताई तुमचा धाकटा चौथीत आहे ना, मी तेवढाच होतो वडील आत गेले तेव्हा. मला सांगितलं होतं बाबा मिलिटरीत आहेत. मी शाळेत अभिमानाने सांगत फिरायचो. मग एक दिवस मैदानात मोठ्या मुलांनी सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा बाप जेलात आहे, आणि त्यांना तारीखवार माहीत होतं, मलाच माहीत नव्हतं. वडील आत आहेत याचं दुःख नंतर कमी झालं पण आई आणि आजी दोघी मिळून माझ्याशी खोटं बोलल्या याचा राग कितीतरी वर्षं गेला नाही. म्हणून सांगतो, त्याला सांगा. सगळं नाही, त्याला समजेल तेवढं. पप्पांना पोलिसांनी ठेवून घेतलंय, कोर्टात चौकशी चालू आहे, ते तुझ्यामुळे गेलेले नाहीत, आणि ते तुला विसरलेले नाहीत. हे 'तुझ्यामुळे नाही' मुद्दाम सांगा, कारण मुलाला वाटतं मी सायकलचा हट्ट केला म्हणून बाबांनी काहीतरी केलं असेल. मला खरंच तसं वाटायचं.

मुलाकात कशी असते तेही आधी सांगून ठेवा. आमच्या वेळी जाळी होती, आता बऱ्याच ठिकाणी काच आणि इंटरकॉम असतो, बाप समोर दिसतो पण आवाज फोनमधून येतो, हात लावता येत नाही. पहिल्यांदा बघून मूल घाबरतं. आधारकार्ड न्या, नाव आधी ऑनलाईन ई-मुलाकातीत नोंदवा नाहीतर सकाळपासून उन्हात रांग आणि मग वेळ संपली म्हणतात. घरचा डबा आत जात नाही हे आईला माहीत नव्हतं, ती पहिल्या वेळी पुरणपोळी घेऊन गेली होती आणि गेटवरून परत घेऊन आली, येताना एसटीत माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. पैसे मनीऑर्डरने पाठवता येतात, त्यातून तो आतल्या कँटीनमधून साबण, बिस्किटं घेतो. म्हणजे कमावणारा माणूस आत गेला आणि वर त्यालाच घरातून पैसे पाठवायचे. आई मेसच्या चपात्या लाटायची, त्यातले काही पैसे दर महिन्याला तिकडे जायचे.

महाराष्ट्रातल्या काही जेलमध्ये गळाभेट म्हणून कार्यक्रम होतो, शिक्षा झालेल्या कैद्यांच्या मुलांना आत नेतात आणि खरंच जवळ बसू देतात. आमच्या वेळी असं काही नव्हतं. असतं तर वडिलांचा हात मला अठराव्या वर्षी अनोळखी वाटला नसता.

आणखी एक. शिक्षा लागल्यावर संचित रजा मिळते, म्हणजे फर्लो, आणि घरी काही कारण असेल तर अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. ऐकायला छान वाटतं पण त्याआधी पोलीस गावात चौकशीला येतात, आजूबाजूला विचारतात याला सोडला तर तुमची हरकत आहे का. म्हणजे जरा कुठे लोक विसरायला लागले की परत सगळी खपली निघते. माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी अशाच एका चौकशीनंतर फिसकटली.

---

तिसरी_घंटा

मी बालकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. माळरानताई, आजच्या आज क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. आई किंवा वडील तुरुंगात असलेली मुलं त्यात बसतात, महिन्याला प्रत्येक मुलामागे २२५० रुपये, १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज, मग बालकल्याण समिती ऑर्डर काढते. शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, मुलांचं आणि आईचं आधार, आणि वडील कारागृहात असल्याचा कागद लागेल. गृहभेटीला माणूस येईल, त्याला घाबरू नका. पैसे नियमित येत नाहीत हे खरं आहे, सहा सहा महिन्यांनी एकदम येतात, तरी अर्ज करून ठेवाच.

मला या धाग्यात अजून एका बाजूबद्दल लिहायचंय. पुरुष आत गेला तर बाई त्याच्यामागे धावते, डबा, वकील, मुलाकात सगळं. बाई आत गेली तर बहुतेक वेळा तिच्यामागे कोणी येत नाही. नवरा दुसरं लग्न करतो, माहेरचे म्हणतात आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही, आणि मुलं एकतर आजीकडे नाहीतर बालगृहात. मुलाकातीच्या दिवशी महिला बराकीतल्या कितीतरी बायकांचं नाव पुकारलंच जात नाही. मी बघितलंय हे, आणि त्या बायका तरीही केस विंचरून तयार बसतात.

लहान मुलं आईबरोबर आत राहू शकतात, सहा वर्षांपर्यंत. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) आकड्यांनुसार २०२२ च्या शेवटी देशात १,५३७ स्त्रिया १,७६४ मुलांसह तुरुंगात होत्या. आर. डी. उपाध्याय केसमध्ये २००६ साली सुप्रीम कोर्टाने या मुलांसाठी पाळणाघर, वेगळा आहार, लसीकरण, बाहेर फिरायला नेणं सगळं सांगितलंय, आणि जेलमध्ये जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मठिकाण तुरुंग लिहायचं नाही हेही सांगितलंय. पण सहा वर्षं झाली की त्या मुलाला आईपासून उचलून बाहेर आणतात, आणि ज्या जगात आणतात ते त्याने कधी बघितलेलंच नसतं. रिक्षाच्या आवाजाला घाबरणारी सहा वर्षांची मुलगी मी स्वतः कडेवर घेऊन आलेली आहे. तिला आमच्या बालगृहात पहिले कित्येक दिवस दार उघडं ठेवलेलं चालायचं नाही.

मुंबई-ठाण्याकडे कोणी वाचत असेल तर टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैदी आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करतोय. त्यांचे कार्यकर्ते जेल आणि घर यांच्यात निरोप पोचवण्यापासून सगळं करतात.

---

देवराई

लिहू की नको विचार करत होते. माझ्या मामेभावाचा एका भांडणात जीव गेला. आरोपी आमच्याच गावचा. त्याची बायको मुलाला घेऊन मुलाकातीला जायची तेव्हा माझी मामी दारात बसून बघायची आणि म्हणायची तिला निदान काचेतून तरी दिसतो. त्यामुळे हा धागा वाचताना मला त्रास झाला, खोटं कशाला बोलू. आमच्या मामीला कोणी विचारायला आलं नाही की तुमचं कसं चाललंय, कोणती योजना सांगितली नाही, सरकारी वकील सोडून कोणी बोललं नाही, आणि तोही तारखेपुरता.

माळरानताई तुमच्या जावेबद्दल वाईट वाटतंच. पण गेलेल्याच्या घराबद्दलही कोणीतरी लिहावं म्हणून लिहिलं.

---

माळरान

देवराई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या केसमध्येही समोर एक घर आहे आणि त्यांच्याकडे एक मुलगा अजून दवाखान्यात जातोय. जाऊबाई एकदा म्हणाली की मला त्यांच्या घरी जाऊन माफी मागावीशी वाटते पण वकील नको म्हणतात. त्या घराबद्दल आम्ही घरात मोठ्याने बोलत नाही पण विसरलेलो अजिबात नाही. तुमच्या मामींसाठी काही करता येत असेल तर वकीलसाहेबांनी प्लीज लिहावं.

---

काळाकोट

देवराईताई, विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित भरपाईचा अर्ज करता येतो, आधीच्या फौजदारी संहितेत ३५७ अ कलम होतं, नवीन बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ३९६. आरोपीला शिक्षा झाली नाही किंवा आरोपी सापडलाच नाही तरीही अर्ज करता येतो. गेलेल्या माणसावर अवलंबून असलेल्यांना मिळते भरपाई. मुदतीचा प्रश्न येईल, पण उशिराचं कारण लिहून अर्ज टाका, माझ्या अनुभवात कारण खरं असेल तर ऐकतात. गावाचा जिल्हा मला मेसेज करा, कोणाला भेटायचं ते सांगतो.

दोन्ही घरांना एकाच कार्यालयात जावं लागतं आणि दोन्ही घरांना त्या कार्यालयाचा पत्ता माहीत नसतो, माझी तर खरी तक्रार ही आहे.

---

पालावरची_शाळा

पारधी वस्तीवर शिकवते. आमच्याकडे तर बाप आत असणं हे मुलांना नवीन नाही. तालुक्यात कुठेही चोरी झाली की पहाटे जीप पालावर येते, जो पुरुष सापडेल त्याला नेतात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ते पालावर कोणी कळवलं नाही असं वाटावं इतकं ते अजून चालू आहे. जामीनदार कोण राहणार, यांच्या नावावर सातबारा सोडा, कित्येकांकडे रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही. मग किरकोळ चोरीत सुद्धा माणूस वर्ष वर्ष आत. देशातल्या तुरुंगांत दर चारपैकी तीन जण कच्चे कैदी आहेत, २०२२ चा आकडा ७५.८ टक्के, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे. त्या आकड्यात माझ्या पटावरच्या मुलांचे बाप आहेत.

बाप आत गेला की आई पोलीस स्टेशन आणि कोर्टात, मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळायला घरी, म्हणजे माझी पाचवीतली मुलगी शाळेतून गळाली. मग तिचं लग्न लावून देतात कारण बाप नसताना वयात आलेली मुलगी पालावर ठेवायची भीती वाटते. एका अटकेमुळे एक मुलगी शाळेतून जाते आणि पुढच्या वर्षी तिच्या कडेवर बाळ असतं, हे मी बघितलंय आणि मला त्याचा प्रचंड राग येतो.

वकीलसाहेब, पहिल्यांदाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश शिक्षेइतका काळ आत काढल्यावर सोडतात असं ऐकलंय, खरं का?

---

काळाकोट

खरं आहे. बीएनएसएस कलम ४७९, १ जुलै २०२४ पासून. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, नाहीतर निम्मी. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना नाही. आणि अर्ज करण्याची जबाबदारी जेल अधीक्षकांवर टाकलीय. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधीच्या केसेसनाही लागू. पण एक मेख आहे ताई, एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर याचा फायदा मिळत नाही, आणि पालावरच्या माणसावर तीन-चार केसेस टाकलेल्या असतातच. त्यांच्यासाठी प्रत्येक केसमध्ये वेगळा जामीन आणि पीआर बाँडची, म्हणजे जामीनदाराशिवाय नुसत्या जातमुचलक्यावर सोडण्याची मागणी हाच रस्ता आहे. यादी करून लोकअभिरक्षक कार्यालयात द्या, लेखी द्या, पोच घ्या.

---

माणदेशी_माणूस

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, आमच्या भागातलं म्हणून सांगतो. औंध संस्थानात १९३९ साली सुरू झालेली कैद्यांची खुली वसाहत, मॉरिस फ्रीडमन नावाच्या परदेशी माणसाची कल्पना आणि औंधच्या राजांनी दिलेली जमीन. तिथं शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसकट राहतात, शेती करतात, पोरं गावच्या शाळेत जातात. भिंत नाही. जन्मठेपेचे कैदी आहेत हो, आणि गावाला कधी त्रास झाला नाही. लहानपणी आमच्या वर्गात तिथली पोरं होती, आम्हाला वेगळं काही वाटायचं नाही.

ऐंशी वर्षांच्या वर झाली हे चालू होऊन. मग बाकी जिल्ह्यात का झालं नाही हे कोणी मला सांगा. तिथं जागा फारच थोड्या आहेत आणि कितीतरी वर्षं बंद तुरुंगात चांगलं वागून काढल्यावर नंबर लागतो. तोवर पोरं मोठी होऊन गेलेली असतात.

अजून एक चांगली गोष्ट, येरवड्यात १ मे २०२२ पासून राज्य सहकारी बँकेची जिव्हाळा कर्ज योजना सुरू झाली. शिक्षा झालेल्या कैद्याला ५०,००० पर्यंत कर्ज, ७ टक्क्यांनी, जामीनदार लागत नाही, तो आतल्या कामाच्या मजुरीतून फेडतो. पैसा घरी जातो, मुलांच्या शाळेला, आईच्या औषधाला. घरच्यांसाठी मी काहीतरी केलं असं त्या माणसाला वाटतं, हे कर्जाच्या रकमेपेक्षा मोठं आहे माझ्या मते.

---

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून जावेला वाचायला दिलं. झालं ते सांगते. बालसंगोपनचा अर्ज दोन्ही मुलांचा दिला, पोच घेतली. आमच्या वकिलांनी ३१ जानेवारीचा आदेश जोडून अट शिथिल करायचा अर्ज टाकलाय, त्यावर सोमवारी सुनावणी आहे. मुलीच्या वर्गशिक्षिकेला मी जाऊन भेटले, त्यांनी काही न विचारता तिचा क्लासचा वेळ बदलून दिला, असेही लोक आहेत.

धाकट्याला जावेने सांगितलं. उंबरझाड, तुम्ही लिहिलेलं जवळपास तसंच. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग विचारलं की तिथे पप्पांना चादर देतात का. मग म्हणाला हे मी मित्रांना सांगायचं का नाही सांगायचं. याचं उत्तर आम्हाला आलं नाही. आणि आता तो कोर्टात यायचं म्हणतोय, तारखेला पप्पा दिसतील म्हणून. न्यावं का?

---

उंबरझाड

मित्रांना सांगायचं की नाही ते त्याचं त्याला ठरवू द्या, फक्त कोणी विचारलं तर म्हणायचं एक वाक्य शिकवून ठेवा. 'कोर्टात चालू आहे, मला त्यावर बोलायचं नाही.' मला कोणी असं वाक्य दिलं नव्हतं म्हणून मी मारामाऱ्या करायचो.

कोर्टात नका नेऊ. हाताला दोर बांधून पोलिसांच्या मध्ये चालवत आणतात ते पहिल्यांदाच बघणं फार वाईट. आणि हल्ली बऱ्याच तारखा व्हीसीवरच (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) होतात, तो दिसेलच असं नाही, मूल दिवसभर बाकड्यावर बसून राहतं. त्यापेक्षा मुलाकातीला न्या, किंवा आधी व्हिडिओवर ई-मुलाकात करा. घरातून, आई शेजारी बसलेली असताना बोलता येतं.

---

तिसरी_घंटा

+१. आणि ई-मुलाकातीआधी वडिलांना निरोप पोचवा की मुलाला खरं सांगितलंय. नाहीतर ते तिकडून गुजरातच्याच गोष्टी सांगत बसतील आणि पोरगं गोंधळेल.

---

काळाकोट

माळरानताई, सोमवारी अर्जाच्या सुनावणीला जाऊबाईंनी स्वतः हजर राहावं, रेशनकार्ड आणि मुलांचे बोनाफाईड बरोबर ठेवावेत. कर्जाच्या हप्त्याची नोटीस आली असेल तर तीही. परिस्थिती कागदावर दिसली पाहिजे. आणि कॅश बेल मिळाली तर भरणा दुपारच्या आत करा म्हणजे ऑर्डर त्याच दिवशी जेलला जाईल, उशीर झाला तर अजून एक रात्र आत.